जुन्या गाडीच्या फ्लोअरचा गंज: पाण्याचा माग काढण्यापासून मेणाच्या थरापर्यंत

जुन्या गाडीचं कार्पेट उचललं आणि खाली पत्र्यावर तांबूस खपल्या दिसल्या, की बहुतेकांचा हात आधी तारेच्या ब्रशकडे आणि मग रंगाच्या डब्याकडे जातो. घासून काळा रंग मारला, कार्पेट परत अंथरलं, झालं काम. काही महिन्यांत तोच रंग फुगून वर येतो आणि या खेपेला खालचा पत्रा आधीपेक्षा पातळ झालेला असतो. असं होण्याची कारणं दोनच. पाणी कुठून येतंय ते शोधलेलं नसतं, आणि पत्र्याची जी बाजू दिसत नाही तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. ॲसिड, वेल्डिंग, प्रायमर हे सगळं त्यानंतर.

गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच पुरतं. पाण्यात मीठ मिसळलं की त्यातून वीज सहज वाहते आणि ही रासायनिक क्रिया झपाट्याने होते. म्हणून समुद्रकाठच्या, तसंच जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्या लवकर पोखरल्या जातात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो धरला की पाचरीसारखा जोड फाकवत जातो, आणि फाकलेल्या जोडात आणखी पाणी शिरतं. ॲल्युमिनियमवर चढलेला ऑक्साइडचा थर खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो. त्यावर साधा रंग मारला की ती ओल आतच कोंडली जाते.

आधी पाण्याचा माग काढा

फ्लोअर वरच्या बाजूने सडला असेल तर पाणी गाडीच्या आत आलेलं आहे, हे धरून चाला. पुढच्या काचेचं रबर, काचेखाली हवा आत घेणाऱ्या जाळीचा तुंबलेला निचरा, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून) वायरी जातात तिथली वाळलेली रबरी बुचं, सनरूफच्या नळ्या, गळका हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) या नेहमीच्या जागा. दारांकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. ती भोकं मातीने बुजली, किंवा दाराच्या पॅनलमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला, की तेच पाणी सरळ कार्पेटखाली उतरतं.

तपासायची रीत अशी. सीट आणि कार्पेट काढा, फ्लोअर कोरडा पुसून घ्या आणि त्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपची मंद धार सोडायची. जेट वापरू नका. जोराच्या धारेने जे पाणी आत जातं ते पावसात जाईलच असं नाही. सुरुवात खालून करा: आधी दाराची खालची कड, मग काचेचे खालचे कोपरे, मग बाजू, शेवटी छत. वरून धार सोडली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. एकेका जागी काही मिनिटं थांबा. पाणी शिरतं एकीकडे आणि साचतं भलतीकडे, त्यामुळे ओला कागद सापडला म्हणजे गळती सापडली असं होत नाही. तिथून ओघळ उलटा वर शोधत जायचं.

बोटाला लागलेलं पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) आहे, म्हणजे हीटर कोअर गळतोय. चाखून बघू नका, ते विषारी असतं. पेडलांच्या आसपास रंग मऊ होऊन सुटला असेल तर ब्रेक किंवा क्लचचा मास्टर सिलिंडर बघा. नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक फ्लुइड रंग सोलून काढतं आणि हवेतली ओलही शोषतं. गाडीगणिक काही ठरलेल्या जागा असतात. फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते, आणि गळलेलं ॲसिड नेमका तोच कोपरा खातं. सिरीज लँड रोव्हरचं बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं, पण चॅसिस (खालचा सांगाडा) आणि पुढचं बल्कहेड (म्हणजे फायरवॉलच) पोलादी. तिथे पाय ठेवायच्या खणांचे खालचे कोपरे आधी पाहावेत.

गळती सापडली की ती आधी बंद करा. नवं रबर मिळायला वेळ लागत असेल तर फ्लोअरचं काम थांबू द्या.

फ्लोअर पूर्ण उघडा करा

सीट, बेल्ट, कार्पेट, त्याखालचा नमदा, सगळं बाहेर. वायरी कुठून कशा गेल्या आहेत त्याचे फोटो काढून ठेवा आणि बोल्ट जागेनुसार वेगळ्या पिशव्यांत भरा. त्याखाली बहुतेक गाड्यांत आवाज दाबण्यासाठी डांबरी शीट चिकटवलेली असते. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरून धड दिसणाऱ्या शीटखाली पत्रा चाळण झालेला असू शकतो.

डांबरी शीट काढायचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे ७८ अंश सेल्सिअसला ती इतकी कडक होते की हातोडीच्या हलक्या टोल्याने तुकडे उडतात. जाड हातमोजे घाला आणि दारं उघडी ठेवा, कारण ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड गाडीत खालच्या बाजूला साचतो. ड्राय आइस नसेल तर हीट गनने मऊ करून पट्टीने खरवडा. एक सावधगिरी: काही जुन्या गाड्यांच्या शीटमध्ये आणि पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. शंका असेल तर तुकडा तपासून घ्या, आणि कुठल्याही परिस्थितीत ती शीट ग्राइंडरने घासू नका.

आता तपासणी. टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक आणि टॉर्च एवढं पुरे. हातोडीने हलके ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बसका आवाज देतो. चुंबक धरत नाही तिथे पुट्टी किंवा फायबर भरलेलं आहे. अंधार करून खालून टॉर्च मारा, बारीक भोकं वरून चमकतील. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो जोडांना: फ्लोअर आणि सिल (दाराखालची पोकळ पेटी) मिळतात ती कड, क्रॉसमेंबर (फ्लोअरला आधार देणारे आडवे पोकळ पट्टे), सीटचे पाय, बेल्टचे बोल्ट, जॅक लावायच्या जागा. नुसतं बघून समाधान मानू नका, टोच्या जोर देऊन दाबा. आत घुसला तर तिथे पत्रा नव्हताच. खडूने दोन प्रकारच्या खुणा करा, एक घासून सुटेल त्याची आणि दुसरी कापावं लागेल त्याची.

घासायचं की कापायचं?

वरवरची तांबूस झाक घासून जाते. खड्डे पडले असतील पण टोच्याने पत्रा दबत नसेल, तर घासणं आणि रसायन यांवर निभावतं. पत्रा दबतो, लवतो किंवा भोक पडलंय, तिथे कापायचंच. भोकाभोवतीचा धड वाटणारा पत्रा खालच्या बाजूने पातळ झालेला असतो, म्हणून खडूची रेघ भोकापासून निदान २५ मिलिमीटर दूर आणि चकचकीत जाड पत्र्यातच पडली पाहिजे.

भोकावर फायबरचं कापड आणि रेझिन, किंवा वरून पत्रा ठेवून रिव्हेट, हे मला अजिबात मान्य नाही. मोनोकॉक गाडीत वेगळी चॅसिस नसते. फ्लोअर, सिल आणि क्रॉसमेंबर मिळूनच गाडीचा भार आणि अपघातातला धक्का झेलतात. सीट आणि बेल्ट त्यालाच आवळलेले असतात. स्वतंत्र चॅसिसच्या गाडीत फ्लोअरवर एवढा भार नसतो, पण बॉडी जिथे चॅसिसवर टेकते त्या जागांना आणि बेल्टच्या जागांना तोच नियम लागू. सिल, क्रॉसमेंबर आणि सीटचे पाय तिन्ही सडलेले असतील, तर हे काम आधी केलेल्या कारागिराच्या हातीच द्या. त्यात कमीपणा काही नाही.

ठिणगी पाडण्याआधी

गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. मजबूत जागी स्टँड लावा आणि गाडी हलवून बघा. बॅटरी काढून बाहेर ठेवा. पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप बहुधा फ्लोअरच्या खालूनच जातात. कापायच्या जागेच्या पलीकडे काय आहे ते हाताने चाचपून पाहा आणि पाइप सोडवून बाजूला करा. पेट्रोलची टाकी उतरवून दुसरीकडे नेलेली बरी. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून त्यावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉसजीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्त चढवलेला पत्रा असेल तर वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने ताप भरतो. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून धुळीसाठी चांगला रेस्पिरेटर हवा. ग्राइंडरवरच्या ब्रशच्या तारा सुटून उडतात, त्यासाठी गॉगल आणि त्यावर फेसशील्ड.

घासणं आणि रसायन

मोठ्या खपल्या छिन्नीने आणि पट्टीने आधी उडवा, मग ग्राइंडर. रंग आणि वरवरचा गंज काढायला स्ट्रिप डिस्क चांगली, ती पत्रा खात नाही. तारेचा कप ब्रश जोड आणि कोपऱ्यांसाठी. पण कप ब्रश फसवतो. तो खड्ड्यांतला गंज उकरत नाही, वरून गुळगुळीत करून चकाकवतो, आणि पत्रा साफ झाल्यासारखा दिसतो. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. साफ पत्रा राखाडी पांढरा दिसेल, आणि त्यात मोहरीएवढे काळपट, चमकते ठिपके दिसतील. त्यातल्या एका ठिपक्यात टोच्याचं टोक फिरवा. तांबूस भुकटी निघाली तर तो गंजच आहे. असे ठिपके छोट्या स्पॉट ब्लास्टिंग गनने (हवेच्या दाबाने बारीक खर मारणाऱ्या) उत्तम निघतात. सपाट पत्र्यावर मोठ्या दाबाने ब्लास्टिंग करवून घेऊ नका, पत्रा ताणला जाऊन वाकडा होतो, आणि तो परत सरळ करणं महाकठीण.

खड्ड्यांत जे उरेल त्यासाठी रसायन. फॉस्फोरिक ॲसिडची द्रावणं गंज विरघळवतात आणि राखाडी लोहफॉस्फेटचा थर सोडतात. टॅनिक ॲसिडवाले कन्व्हर्टर गंजाचं काळ्या, स्थिर थरात रूपांतर करतात. दोन्हींना काम करायला गंज लागतो, पण पातळ. जाड खपलीवर ओतलं तर वरचा पापुद्रा बदलतो आणि खालचा तसाच राहतो. ब्रशने पातळ थर लावा, बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, धुवायचं की नाही हे त्याच बाटलीवर वाचा. फॉस्फोरिकचं द्रावण बंद जोडांत ओघळू देऊ नका; तिथून ते धुतलं जात नाही आणि नंतर वरचा रंग उचलतं. फरशी धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड तर गाडीच्या जवळही आणू नये. ते गंज पटकन खातं हे खरं, पण मागे क्लोराइड सोडतं आणि नवा गंज त्याच दिवशी सुरू होतो.

कापणं आणि नवा पत्रा बसवणं

सिलजवळचा किंवा मोठा भाग कापायचा असेल तर आधी दोन्ही दारांच्या चौकटीत पाइपचे आडवे आधार टाका, चौकटीचे कर्ण मोजून लिहून ठेवा, आणि एका वेळी एकाच बाजूचं काम करा. गाडीचं वजन सस्पेन्शनच्या जागी टेकलेलं असावं. नाहीतर सगळं जोडून झाल्यावर दार बसत नाही.

तयार फ्लोअर पॅन मिळत असेल तर त्यातला लागेल तेवढाच तुकडा वापरा. नसेल तर १ ते १.२ मिलिमीटर जाडीचा कोल्ड रोल्ड पत्रा घ्या. आधी पुठ्ठ्यावर नमुना काढा आणि जागेवर बसवून बघा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच तडा जातो. मूळ फ्लोअरला पन्हळी असतील तर ठिगळातही काढा, त्या पत्र्याला कडकपणा देतात. कारखान्यातले स्पॉट वेल्ड (दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडलेले असतात ते) सोडवायला ८ मिलिमीटरचा स्पॉट वेल्ड कटर वापरा, म्हणजे खालचा पत्रा शाबूत राहतो.

जोड शक्य तिथे कडेला कड लावूनच करा. एकावर एक पत्रा चढवला की मध्ये फट उरते आणि ओल तिथे जाऊन बसते. क्रॉसमेंबरवर किंवा सिलच्या कडेवर मात्र पत्रा चढवावाच लागतो. तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडून प्लग वेल्ड करा, आणि मिटवण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवर वेल्ड थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं असं) मारा, कारण नंतर तिथे ब्रश पोचणार नाही.

पातळ पत्र्याला मिग वेल्डिंग (ज्यात तार आपोआप पुढे सरकते) सोयीचं: ०.६ मिलिमीटरची तार, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. अर्थची पकड जवळच, घासलेल्या पत्र्यावर लावा. त्याच जाडीचे दोन तुकडे जोडून, वाकवून, पिळून पाहा. जोडाआधी पत्रा फाटला तर सेटिंग बरोबर आहे. गाडीवर आधी २५ ते ३० मिलिमीटरवर टाके घ्या, मग मधली जागा छोट्या छोट्या टाक्यांनी भरा. एका कडेला एक टाका, पुढचा समोरच्या कडेला. हात लावता येईल इतकं गार झाल्याशिवाय शेजारी टाका नाही. सलग लांब वेल्ड ओढला की पत्रा फुगतो. पलीकडच्या बाजूला एक माणूस अग्निशामक घेऊन उभा हवा, आणि शेवटच्या टाक्यानंतर निदान तासभर गाडीजवळ थांबा. उरलेल्या नमद्याचा धुमसता तुकडा उशिरा पेट घेतो.

प्रायमर, सीलर, रंग

उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवू नका. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर सकाळी पिवळसर झाक चढलेली असते. वेल्डची टेकाडं घासा, ग्रीस रिमूव्हरने पुसा, पांढरं फडकं मळायचं थांबेपर्यंत पुसत राहा. त्यानंतर उघडा हात पत्र्याला लावायचा नाही.

प्रायमर दोन घटकांचं इपॉक्सीच घ्या. साधं सरफेसर पाणी शोषतं. ते रंगाखाली गुळगुळीतपणासाठी असतं, गंज रोखायला नाही. जस्तयुक्त प्रायमर फक्त उघड्या पोलादाला थेट टेकल्यावरच काम करतं, जुन्या रंगावर किंवा कन्व्हर्टरवर मारून उपयोग शून्य. कन्व्हर्टर आणि इपॉक्सी एकमेकांना चालतात का, हे माहितीपत्रकात बघा. काही इपॉक्सी ॲसिड लावलेल्या पत्र्यावर धरत नाहीत. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरू लागतं त्याच्या) निदान ३ अंश वर असताना रंगवा, नाहीतर न दिसणाऱ्या दवावर प्रायमर बसतं. दोन हात, वर आणि खाली दोन्ही बाजूंना.

इपॉक्सीवर, जोडांना पॉलियुरेथेन सीम सीलर. दोन्ही बाजूंनी, ब्रशने दाबून, जोडात बसेल असा. बाथरूममधलं आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि त्यावर रंगही धरत नाही. निचऱ्याची भोकं सीलरने बुजणार नाहीत हे बघा. वरून दोन घटकांचा टॉपकोट. पॉलियुरेथेन फवारणार असाल तर त्यातल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर ते काम रंगाऱ्याकडे द्या.

न दिसणारी बाजू

वेल्डिंगच्या उष्णतेने सिल आणि क्रॉसमेंबरच्या आतला रंग जळालेला असतो, आणि तिथे ब्रश जात नाही. हा टप्पा टाळला तर बाहेरून सुंदर दिसणारं ठिगळ आतून गंजत सुटतं. रंग पूर्ण वाळला की मूळच्या भोकांतून चहूबाजूंना फवारणारी लांब नळी घालून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ्यांत फवारायचं मेण) मारा. डबा कोमट पाण्यात ठेवलात तर मेण जोडांत खोलवर झिरपतं. नळी शेवटच्या टोकापर्यंत सारा आणि फवारत फवारत मागे ओढा. खालच्या भोकांतून मेण ठिबकलं म्हणजे पोचलं. ठिबकणं थांबल्यावर भोकं तारेने मोकळी करा. सिलमध्ये फोम मात्र कधीच भरू नका, तो पाणी धरून ठेवतो.

खालच्या बाजूला जाड काळा रबरी थर मारायची पद्धत आहे. नवा असताना तो दगडांपासून वाचवतो, पण एकदा तडकला की मागे पाणी शिरतं आणि वरून काहीच कळत नाही. माझी पसंती कडक रंग आणि त्यावर पारदर्शक मेण. काही बिघडत असेल तर दिसतं तरी. एक्झॉस्ट, ब्रेकचे भाग, प्रॉपेलर शाफ्ट आणि रबरी बुश मेणापासून झाकून ठेवा.

परत अंथरताना आणि पुढे

फ्लोअरची रबरी बुचं नवी घाला. आवाजासाठी ब्युटाइलचे (चिकट रबरी शीटचे) तुकडे फक्त सपाट भागावर लावा. जोड आणि बुचं उघडी राहू द्या. कार्पेटखाली नमद्याऐवजी बंद पेशींचा फोम अंथरा, तो पाणी पीत नाही, आणि तो चिकटवू नका. कार्पेट उचलता आलं पाहिजे.

धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर चारही पायांच्या जागी कार्पेटखाली हात घालून पाहा. ओल लागली तर कार्पेट त्याच दिवशी बाहेर काढून वाळवा आणि पाइप घेऊन पुन्हा गळती शोधा. वर्षातून दोनदा दारांची आणि सिलची निचऱ्याची भोकं तारेने साफ करा, गाडी उचलून खालचं मेण तपासा, जिथे घासून गेलं असेल तिथे पुन्हा लावा. ओली गाडी प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकायची नाही. आधी दारं उघडी टाकून वाळू द्या, मग हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला.